वानवळ्याचं बिल

प्रिय दादा,

तुला जाऊन चार महिने झाले. रडून लिहायचं असतं तर तेव्हाच लिहिलं असतं. आज लिहितेय कारण मला तुझा भयंकर राग आलाय, आणि तो ऐकून घ्यायला तूच नाहीस!

काल आंजर्ल्याहून आत्याचा फोन आला. "अगो शुभा, माझ्या मोबाइलवर काय आलंय बघ. मोफत मुदत संपली, आता पैसे भरा म्हणतायत. तो गेला नि त्याच्या वानवळ्याचं बिल धाडलंत होय गो?"

वानवळ्याचं बिल! जन्मात ऐकलंयस का असं काही? नवी आमसुलं सुकली की विकायच्या आधी चार घरी पाठवायची, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. तुझी चार घरं वाढत वाढत दापोलीच्या मास्तरांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत पोचली होती, एवढंच. "विकायला ठेव हो थोडी!" म्हणून मी चिडवायचे. तू नुसता हसायचास.

मी तडक निखिलला फोन लावला. आपल्या आमसुलांच्या कंपनीतला तुझा भागीदार, ज्याला तू पुण्याहून एवढ्या कौतुकाने आणलास तो. शांतपणे म्हणाला, "ताई, ते आपले सगळ्यात एकनिष्ठ ग्राहक आहेत. आता त्यांना पैसे देणारे ग्राहक करायचंय." ग्राहक? आत्या? मग त्याने गुंतवणूकदारांना दाखवलेला विक्रीचा तक्ता पाठवला. खाली तुझी सही होती, जायच्या महिनाभर आधीची. तुझ्या जागी आता माझं नाव लागलंय, म्हणून सोमवारपर्यंत मीही सही करायची होती.

लोटे एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत बारा वर्षं हिशेब बघितलेत मी. मला तक्ता वाचता येतो. पार्सलवर पत्ता छापायचा तर संगणकात ऑर्डर टाकावी लागते, म्हणून तू वानवळ्याची पाकिटंही भाबडेपणाने ऑर्डर म्हणून टाकलीस, किंमत शून्य. निखिलने शून्याच्या जागी छापील किंमत घातली, ती विक्रीत धरली, आणि तेवढीच रक्कम जाहिरातीचा खर्च म्हणून दुसऱ्या पानावर ढकलली. निम्मी विक्री तिथून आलीय! आणि त्या विक्रीच्या अमुक पट म्हणजे आपल्या कंपनीचं व्हॅल्युएशन, तिची ठरलेली किंमत. त्यावर कडी म्हणजे, एकदा आलेलं गिऱ्हाईक दरवर्षी परत येतं, सुटत म्हणून नाही, असं आपलं कौतुक केलंय. अरे, घरी आलेला वानवळा कोण परत पाठवतो?

आणि तू? सही करताना वाचलंस तरी का? की "निखिल बघतो ना" म्हणून मोकळा झालास? मला का नाही रे दाखवलंस? बहीण, तीही हिशेबातली, घरात बसलेली! हे मला फार लागलं, दादा.

निखिलला म्हटलं, ही नावं काढ. म्हणाला, "सगळेच असं करतात, ताई. व्हॅल्युएशन निम्म्यावर आलं तर ते पैसे घालणार नाहीत. मग पाकिटं भरणाऱ्या शेडमधल्या आठ जणींना तुम्हीच सांगा, घरी बसा म्हणून." मी फोन ठेवला. त्या आठ जणींतल्या सुलभाताईंच्या मुलीचं कॉलेज नुकतंच सुरू झालंय. तुझ्यापासून काय लपवू, सही करायला पान छापूनही घेतलं होतं.

मग निखिलने आता नव्याने जोडलेल्या शेवटच्या पानावर 'गमावलेले ग्राहक' असा रकाना दिसला. त्यात एकच नाव होतं, तुझं. देवापुढे ठेवायचं पहिलं पाकीट तू घरी आणायचास, तेही प्रामाणिकपणे आपल्या नावावर टाकून. बिलाचा मेसेज तुलाही गेला होता, दादा! पुढे शेरा होता, 'नंबर बंद'. सहीसाठी छापलेलं पान मी टराटरा फाडलं.

आज सकाळी सगळी नावं काढून खरा तक्ता मी थेट गुंतवणूकदारांना पाठवला. आधीच्या तक्त्यात चूक आहे आणि त्यावर माझ्या भावाची सही आहे, असंही लिहिलं. तेव्हापासून निखिल फोन उचलत नाही. मी शेडमध्ये जाऊन बायकांना सांगितलं की बहुतेक पैसे येणार नाहीत, पावसाळ्यानंतर कामाचं काय ते मला माहीत नाही. मग सुलभाताई म्हणाल्या, "वानवळ्याची पाकिटं आधी भरूया ना? आमसुलं सुकलीत."

उद्याच्या एसटीने आंजर्ल्याला जातेय, आत्याची माफी मागायला. तुझ्या यादीतल्या प्रत्येक घरी यंदाही पाकीट जाईल, पत्ते मी हाताने लिहीन. कंपनीचं काय व्हायचं ते होवो. लोक विचारायला येतील, हे असं कसं झालं म्हणून. तेव्हा मी 'आमची चूक' म्हणेन, दादा. 'दादाची' नाही म्हणणार, शब्द देते.

तुझ्यावर अजून चिडलेली,
शुभा