ताब्याचा रकाना

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन करत नाही म्हणून रुसलीस, पण फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानेच लावतेस. मागे मी गिअरबॉक्स म्हणालो तर तू आठवडाभर माझ्या गुडघ्याची काळजी करत बसलीस. त्यापेक्षा कागद बरा.

इथे डोक्याला नवा ताप झालाय. घरबसल्या जुन्या गाड्या विकणाऱ्यांसाठी नगरपालिकेने नियम काढलाय. राहत्या घरातून एका माणसाने वर्षाला चारच गाड्या विकायच्या. पाचवी विकली की तो धंदा. मग परवाना काढा, धंद्याचा कर भरा, घरपट्टीही दुकानाच्या दराने द्या. वर गाड्या सगळ्या फाटकाच्या आत हव्यात, रस्त्यावर चाकसुद्धा दिसता कामा नये. वर्ष मार्चअखेर संपतं आणि माझ्या चार, बायकोच्या चार कधीच विकून झाल्या.

वॉर्ड ऑफिसात विचारायला गेलो. कारकून भला माणूस. त्याने घरातल्या माणसांची यादी काढली आणि म्हणाला, तुमच्या वडिलांच्या चार अजून शिल्लक आहेत की! नाना जाऊन सहा वर्षं झाली, पण मृत्यूचा दाखला मी तिथे दिलाच नव्हता. पालिकेच्या लेखी नाना अजून घरातच आहेत. मी त्याची चूक दाखवली नाही. एक राखाडी गाडी हाती आली होती, ती नानांच्या नावावर चढवली. सही मीच केली. प्रगतिपुस्तकांवर केलेला सराव वाया गेला नाही.

ओरडणार आहेस हे माहीत आहे. ओरडून झालं की काही अडचण येईल का ते सांग. रागावलीस तरी माया आटवू नकोस.

तुझा,
धाकटा

२० जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गाड्यांच्या हस्तांतरणाच्या खिडकीत मी तीस वर्षं बसले. मेलेल्या माणसांनी गाड्या विकलेल्या ढिगाने पाहिल्या, वारस सह्या ठोकून मोकळे होतात. मेलेल्या माणसाने गाडी विकत घेतलेली ही पहिलीच, आणि ती आमच्याच घरात. धन्य आहेस.

आता नीट वाच. त्या फॉर्मवर दोन रकाने असतात. एक ‘मालक कोण’ आणि दुसरा ‘ताबा कोणाकडे’. लोकांना दोन्ही एकच वाटतं, ते एक नाही. मालकी कागदावर असते. ताबा म्हणजे गाडी हलवायचा हक्क. ती कुठे न्यायची, कुणाला बसवायचं, हे ताबेवाल्याने ठरवायचं. मालकाच्या रकान्यातली चूक आम्ही खोडून दुरुस्त करत असू. ताब्याच्या रकान्यातली चूक मात्र ज्याच्याकडे ताबा आहे त्याने स्वतः येऊनच सोडवावी लागते. तिथे तू स्वतःचं नाव घातलं असशील, एवढी अक्कल तुला असावी.

दाखला माझ्याकडे आहे. नाना गेल्यावर कागद सांभाळायला तूच पाठवले होतेस. वॉर्डात कोणत्या दिवशी जाणार ते कळव, म्हणजे रजिस्टर्ड टपालाने पाठवते. तुझ्या टेबलावर आगाऊ आलेला कागद पुन्हा कुणाला दिसत नाही. तोवर ती गाडी विकू नकोस. बायकोला आशीर्वाद सांग आणि तिचंही कधीतरी ऐकत जा.

तुझी,
ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कबूल करतो, दोन्ही रकान्यांत मी नानांचंच नाव घातलं. फॉर्मने विचारलं, मी लिहिलं. त्यात एवढं काय, असं तेव्हा वाटलं.

गाडी विकू नकोस म्हणालीस, पण ती विकलीच जात नाहीये. तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. पहिला फाटकातूनच परत फिरला. मी मागे धावलो तर म्हणाला, आजोबांनी सांगितलं की ही विकायची नाही. कोण आजोबा? दुसऱ्याचंही तेच. तिसरी एक शिक्षिका होती. तिने तर वर्णनच केलं: उंच, चष्मा हातात धरलेला, डोळ्यांवर लावत नाहीत, आणि बोलण्याआधी खाकरतात. हे तर थेट नानांचंच वर्णन. समोरच्या घरातले म्हातारे आमच्या गाड्यांवर खार खाऊन आहेत, त्यांचाच हा उद्योग असणार असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ते माझ्या खांद्याला लागतात.

आणखी एक. रोज सकाळी गाड्या पुसताना मी मीटरचा आकडा वहीत टिपतो, गिऱ्हाइकं विचारतात म्हणून. राखाडी गाडीचं मीटर परवा रातोरात अकरा किलोमीटरने वाढलेलं होतं. काल अठरा, आज चाळीस. बॉनेट कोमट. ड्रायव्हरची सीट शेवटपर्यंत मागे सरकवलेली. किल्ली माझ्या उशाखाली होती, ताई.

मी सोमवारी वॉर्डात जातो, दाखला पाठवून दे. तू इथे असतीस तर बरं वाटलं असतं. येणार नाहीस हे माहीत आहे, तरी लिहितो.

तुझ्या धाकावर जगणारा,
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

दाखला पाकिटात घालून ठेवला आहे. उद्या टाकीन.

नाना जाण्याआधी आठ वर्षं तरी त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आधी अकरा, मग अठरा, मग चाळीस. हात बसवतायत असं दिसतं. मला पुढचे आकडे रोजच्या रोज हवेत. थट्टा नको, फक्त आकडे.

ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दाखला आला नाही. टपालात हरवला का? सोमवारी मी रिकाम्या हाताने गेलो आणि कारकुनाने हात वर केले. कागदाशिवाय नाव कमी करता येत नाही.

आकडे असे: एकशे दहा, एकशे शहाण्णव, दोनशे अठ्ठ्याऐंशी, काल तीनशे नव्वद. बुधवारी मी बॅटरी काढून घरात आणून ठेवली. गुरुवारी सकाळी बॅटरी स्वयंपाकघरात जिथल्या तिथे होती आणि बॉनेट एवढं तापलेलं की हात लाववत नव्हता. टायरांना तांबडी माती लागलेली. आमच्याकडची माती काळी आहे.

शुक्रवारी पालिकेचे निरीक्षक आले होते. मी नेमका बाहेर. परत आलो तर तपासणीचा कागद फाटकाला लावलेला. गाड्या मोजल्या, सगळ्या फाटकाच्या आत, कुणाचीही मर्यादा ओलांडलेली नाही, शेरा उत्तम. खाली लिहिलंय की राखाडी गाडीचे मालक समक्ष भेटले आणि त्यांनी सही केली. मूळ कागदच तुला पाठवतोय. तुझी नजर सह्यांवर बसलेली आहे, ही माझीच कुठलीतरी जुनी सही कुणी छापली का ते बघ.

एक गोष्ट लिहू का नको असं चाललं होतं. तुझी पत्रं मी कपाटात ठेवतो. तुझ्या मागच्या पत्राचं पाकीट आज राखाडी गाडीत पुढच्या सीटवर सापडलं. नुसतं पाकीट, आणि तुझ्या पत्त्याची बाजू वर.

ताई, मला काही सुचत नाही. बायको माहेरी जाऊ म्हणते. दाखला पाठव. नाहीतर मी घ्यायला येतो. तू दार उघडू नकोस कुणाला.

घाबरलेला,
धाकटा

२२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक अनेक आशीर्वाद.

आधी सहीचं सांगते. ती तुझी नाही. तू नानांचं नाव एका दमात लिहायचास. नाना दुसऱ्या अक्षरानंतर पेन उचलायचे, अंगठा दुखायचा म्हणून. या कागदावर पेन उचललेलं आहे. पुन्हा टेकताना शाईचा ठिपका पडलाय, तसाच पडायचा. मी भिंग लावून पाहिलं आणि मग बराच वेळ रडले.

दाखला टपालात हरवलेला नाही. मी टाकलाच नाही. तुला आता खरं कळायला हवं.

चौतीस वर्षांपूर्वी मी ही नोकरी धरली तेव्हा तू लहान होतास, तुला एवढंच सांगितलं होतं की ताईचं आणि नानांचं वाजलं. मी पिशवी घेऊन फाटकाशी उभी होते. नाना म्हणाले, गेलीस तर आपल्या पायांनी परत येऊ नकोस. मी बाहेर पडले. दहा पावलांवर असताना मागून ओरडले, यायचं झालं तर मी स्वतः न्यायला येईन. मी मागे वळले नाही. त्यांचाच हट्ट माझ्या अंगात. ते न्यायला आले नाहीत आणि मी गेले नाही. त्यांनी कितीदा मनात आणलं असेल, देव जाणे. तू बोलावलंस तेव्हा, ते गेले तेव्हाही, मी इथेच खुर्चीवर बसून राहिले. त्याची लाज मला आजही वाटते.

तुझ्या फाटकापासून माझ्या दारापर्यंत दोनशे बारा किलोमीटर. जाऊन येऊन चारशे चोवीस. मागच्या पत्रात तू तीनशे नव्वद लिहिलंस. मध्ये तांबड्या मातीचा पट्टा लागतो, माझ्या गावाच्या अलीकडे. आज सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना खाली वळणावर राखाडी गाडी दिसली. घरांचे नंबर वाचत हळूहळू पुढे सरकत होती. चष्मा न लावता वाचायचं म्हणजे वेळ लागणारच.

मी दाखला दिला तर यादीतलं नाव जाईल, ताबा सुटेल आणि गाडी वळणावरच थांबेल. मला ते नको आहे. भीती वाटते, नाही असं नाही. पण चौतीस वर्षं ज्याची वाट पाहिली त्याला दारातून परत पाठवायचं धैर्य माझ्यात नाही.

किल्ली शेजारणीकडे ठेवते, हे पत्रही तीच टपालात टाकेल. तू उरलेल्या गाड्यांचा परवाना रीतसर काढ, कर भर, आणि पुन्हा कुणाची सही करू नकोस. बायकोशी गोड राहा. फाटकाची कडी वाजतेय, म्हणजे वाजत असावी, ती हलताना दिसतेय. तुझ्यावर जीव होता आणि आहे.

तुझी,
ताई

६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात पडलं तसा निघालो. तुझं घर आवरलेलं होतं, भांडी पालथी घातलेली, गॅस बंद. शेजारीण म्हणाली, एक उंच आजोबा आले होते, त्यांनी गाडीचं पुढचं दार धरलं आणि तू बसलीस. तू त्यांना सारखी रागावत होतीस म्हणे, एवढा उशीर करतात का म्हणून, आणि रडत होतीस. ते खाली मान घालून ऐकत होते. त्यांना असं ऐकून घेताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

गाडी इथे परत आली नाही. पोलिसांत नोंद केली. त्यांना तुझा मागमूस लागला नाही आणि लागेल असं मलाही वाटत नाही. परवाना काढला, कर भरला. बायको म्हणते, देवाचे आभार मान, आपण सुटलो. मी हो म्हणतो.

पण मला सुटल्यासारखं वाटत नाही. मला राग येतो, ताई. गाडी मी आणली, नाव मी चढवलं, रोज सकाळी मी पुसली. शेजारीण म्हणाली, मागची सीट अख्खी रिकामी होती. तुम्ही दोघांनी मला एकदा विचारायचंत तरी.

तुम्हा दोघांचाच,
धाकटा