सतरा नंबरची चव

२६ जून

तीर्थरूप बाबांस, छकुलीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आमच्या संशोधनासाठी तुम्ही भरलेली वही काल ऑफिसात पोचली. साठही रानचेरींची मापं चोख आहेत. एकाच रानातली झाडं, पण एकाचं पान तळहाताएवढं, शेजारच्याचं दोन बोटांचं. कुणाचा देठ लांब, कुणाची बीच अर्धं फळ खाते. जन्मभर शिंपीकाम केलेल्या हाताची टेप ती, चुकेल कशी.

पण चवीचा रकाना पाहून मी चक्रावले. सतरा नंबरच्या झाडाला गोडीचे पाचपैकी चार? अहो, तिचं नाव खाष्ट सासू तुम्हीच ठेवलंत. गेल्या साली तोंडात टाकून थुंकलात आणि दिवसभर माझ्यावरच चिडलात. आणि तेवीस, आपली लबाड, दिसते फिकट नि लागते मधासारखी, तिला एक. मी आकडे रंगाशी ताडून पाहिले. फळ जितकं काळं तितकी गोडी जास्त, एकही अपवाद नाही. रानात असं कधी होतं का? कुठंतरी पाणी मुरतंय.

चव एकाच माणसानं घ्यायची, म्हणून तीन वर्षं सगळी भिस्त तुमच्या जिभेवर आहे. न चाखताच आकडे भरलेत का? कंटाळा आला असेल तर तसं सांगा. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही.

तब्येतीस जपावे, लेकीवर माया असावी.

तुमची छकुली

२ जुलै

चि. छकुलीस, बाबाचे अनेक आशीर्वाद.

चाळिशी आली तरी तुझं नाक तेवढंच तिखट आहे. पण चाखलं गं सगळं, एकेका झाडाची तीन-तीन फळं. काही लागलंच नाही. मार्चमध्ये आठ दिवस तापानं पडलो होतो, तेव्हापासून तोंडाची चव गेली. वासही गेला. दूध करपलं ते डोळे चुरचुरले म्हणून कळलं. परत येईल असं डॉक्टर काही म्हणत नाहीत.

नाव बघून चव ठरू नये म्हणून नंबर वाटीच्या बुडाला चिकटवायची पद्धत तूच घालून दिलीस. साठ वाट्या मांडून बसलो. कुठली सासू, कुठली लबाड, काय कळणार? काळं दिसलं त्याला चार दिले. तुझ्याच पद्धतीनं पकडला गेलो बघ.

नंतर लबाडच्या झाडाखाली जाऊन दहा-बारा फळं खाल्ली. म्हटलं, हिची तरी लागेल. नाही लागली. तिथंच बसून रडलो.

आधी का नाही कळवलं म्हणशील. जीभ गेली म्हटलं की तू दुसरा माणूस नेमणार, ते बरोबरच. मग दर आठवड्याचं तुझं पत्र कशासाठी आलं असतं? एवढ्यासाठी तुझं काम नासवलं. चुकलो.

म्हाताऱ्याला पदरात घे, सुखी राहा.

तुझा बाबा

८ जुलै

तीर्थरूप बाबांस, सा. न. वि. वि.

ऑफिसातल्या साहेबांना खरं ते सांगितलं. यंदाचा चवीचा रकाना रद्द केला, मापं राहिली. चवीसाठी पुढच्या साली दुसरं कुणी येईल.

मग तुम्हाला लिहायला बसले. झाडं सोडून काय लिहायचं, तासभर सुचेना. म्हणून कामाच्या फायलीतल्या माझ्या पत्रांच्या नकला काढून वाचल्या. तीन वर्षांची पत्रं. पानं, देठ, बिया. शेवटी दर वेळी तब्येतीस जपावे, पण तब्येत कशी आहे हे एकदाही विचारलेलं नाही. मार्चमध्ये तुम्ही तापानं पडला होतात, तेव्हाच्या पत्रात मी विचारलंय, कळ्या कोणत्या तारखेला फुटल्या. आणि तुम्ही तारीख कळवलीत. ताप अंगात असताना तुम्ही रानात गेला होतात, बाबा.

मला माफ करा. शनिवारी येते आहे. टेप, वाट्या काही काढू नका. पत्रं यापुढेही दर आठवड्याला येतील, कामाशिवाय येतील.

एकच विचारायचं आहे, त्याचं उत्तर वहीत लिहू नका, मला लिहा. चव लागत नाही, वास येत नाही, घरात दुसरं कुणी नाही. जेवता का तुम्ही?

राग धरू नये, होती तशीच माया असू द्यावी.

तुमची छकुली