अय्यूब चाचांना माफी नाही

१८ एप्रिल

नाही म्हणजे नाही! तोंडावर सांगितलं मी.

अय्यूब चाचा आज घरी आले होते. इतक्या महिन्यांनी! ज्यांच्या लाखेच्या बांगड्यांच्या दुकानापायी मी बी.कॉम. अर्धवट सोडलं आणि ज्यांनी मला गिऱ्हाइकांसमोर चोर म्हणून कानफटात दिली, तेच. हातात मावा कचोरीचा डबा. आई 'बसा ना चाचाजी' करत पाणी आणायला पळाली.

"हज को जा रहा हूँ, निलय बेटा. सबसे कहा-सुना माफ़ करवाता फिर रहा हूँ."

त्यांच्यात तसं असतं. निघण्याआधी ज्याला ज्याला दुखावलं त्याच्या दारात जायचं. मग मान खाली घालून म्हणाले, ज्याच्या चोरीचा आळ माझ्यावर घेतला तो नवरीच्या बांगड्यांचा जोड सापडला. त्यांच्या मेहुण्याने खडे बसवायला नेला होता, सांगायचं राहिलं. कधी सापडला? तर म्हणे, त्याच आठवड्यात!

त्याच आठवड्यात! आणि मला आज कळतंय! "शर्म के मारे आ न सका," म्हणे.

डबा परत हातात दिला. दार दाखवलं.

१९ एप्रिल

आई बोलत नाहीये. म्हणजे बोलते, पण भांड्यांशी. "वडिलांच्या वयाचा माणूस हात जोडून उभा, आणि हा लाटसाहेब!" मारताना कुठे गेलं होतं वय? असं मी विचारलं तर बाबांनी पेपर आणखी वर धरला. "राग तुमच्याकडचाच आहे हो," आई पेपरला म्हणाली.

आईला ठाऊक नाही माझं काय गेलं ते. थप्पड काय, दोन दिवस दुखली. पण तो जोड न्यायला दुकानात कोण आली होती? सुधाकाकू! कौमुदीची आई! मोठ्या मुलीच्या लग्नाचा जोड. त्यांनी सगळं पाहिलं. त्या दिवसापासून कौमुदीचा फोन नाही. मी केले तर उचलत नाही. गोपालपुऱ्यात रोज क्लासला येते, पण रस्त्यात दिसलो तरी मैत्रिणीच्या पलीकडे होते.

चाचांनी बांगड्या परत मिळवल्या. माझं काय मिळालं?

२२ एप्रिल

आज दुकानात (राजा पार्कात मोबाइलला काचा लावतो आता, प्रगती!) एका बाईच्या हातात लाखेच्या हिरव्या बांगड्या होत्या. काच वाकडी बसली. मालक ओरडला.

काय दिवस होते ते! सकाळी चाचांनी शेगडी पेटवली की लाखेचा तो जड, गोडसर वास. मी बांगड्यांचे फोटो काढून नेटवर टाकायचो. चाचा हसायचे, "इसकी दुकान तो जेब में है." संध्याकाळी कौमुदी यायची क्लास सुटल्यावर. बांगडी सैल आहे, हे निमित्त. तिच्या बांगड्या नेहमी सैलच कशा असायच्या, हे चाचांनी कधी विचारलं नाही. गरम करून, मनगटाखाली ओलं फडकं धरून बांगडी मापात बसवायचे आणि मग उगीच आतल्या खोलीत काहीतरी शोधायला जायचे. बराच वेळ सापडायचं नाही ते काहीतरी.

हाच माणूस! ह्याच हाताने!

२४ एप्रिल

चाचा दुकानावर आले. मालकासमोर तमाशा नको म्हणून बाहेर गेलो. विचारलं, तुमचा अल्लाह माफ करणाराच आहे ना? मग माझ्या मागे का लागलाय?

"वो अपना हक़ माफ़ करेगा, बेटा. तेरा हक़ नहीं. वो तो तू ही करेगा."

मौलवीसाहेबांना विचारून आले होते. हज होऊन जाईल, पण माणसावर केलेला जुलूम जिथल्या तिथे राहील. त्या दिवशी, कयामतीच्या, माणूस ढीगभर नमाज-रोजे घेऊन उभा राहणार, आणि ज्याला ज्याला छळलं तो तो येऊन त्यातलं उचलून नेणार. संपलं की त्यांची पापं ह्याच्या माथी. जुलूम करणाऱ्यासमोर तिथे नुसता अंधार, म्हणाले.

मी म्हटलं, मी कुठे मुसलमान आहे? मला काय देणार तिथे?

"मज़लूम का मज़हब नहीं पूछा जाता. उसकी आह सीधी ऊपर जाती है. बीच में कोई परदा नहीं." मज़लूम म्हणजे ज्याच्यावर जुलूम झाला तो. म्हणजे मी.

घाबरले होते खरंच. मला बरं वाटलं. हो, वाटलं! पहिल्यांदा कोणीतरी मला घाबरलं.

१ मे

आज शुक्रवार. चाचांच्या गल्लीतला जुना सोबती संकेत धापा टाकत आला. नमाजनंतर चाचांनी सगळ्या दुकानदारांना बाहेर बोलावलं आणि मोठ्याने सांगितलं, निलयने चोरी केली नव्हती, मी खोटा आळ घेतला, हात उचलला. जिथे इज्जत घेतली तिथेच परत दिली. "म्हातारा रडत होता यार," संकेत म्हणाला. "अब तो मान जा!"

चाचांना फोन केला. म्हटलं, गल्लीचं काय करू मी? कौमुदीच्या घरी जा. तिला परत आणा. मग माफी.

पलीकडून, "जाता हूँ."

३ मे

गेले असतील का?

४ मे

गेले होते. आमच्या फाटकाशी उभे राहिले, आत आलेच नाहीत. सुधाकाकूंना सगळं सांगितलं म्हणे. त्यांनी चहा दिला, वाईट वाटलं म्हणाल्या. आणि कौमुदी?

"नहीं मानी, बेटा. क़ुसूर मेरा है. मैंने देर कर दी."

एवढंच. डोळ्याला डोळा देईनात. मी म्हटलं, मग तसेच जा! ओझं घेऊन जा! मान हलवली आणि निघाले. कोपऱ्यावर थांबून भिंतीला हात टेकला, मग वळले. आई खिडकीतून बघत होती. मला म्हणाली, "आता जुलूम कोण करतंय रे?"

मी दार आपटलं.

७ मे

कौमुदीचा फोन! पहिलं वाक्य — "त्या चाचांना का पळवतोस रे म्हातारपणी?"

मी चोर नाही हे तिला त्याच दिवशी माहीत होतं. सुधाकाकूंनाही तिने तेव्हाच सांगितलं होतं. तिला मी आधीपासूनच नको होतो. सांगायला धीर होत नव्हता, त्या गोंधळात तिला निमित्त मिळालं. हे सगळं ती चाचांनाही बोलली. "त्यांनी तुला सांगितलं नाही?"

नाही. एक अक्षर नाही.

चाचांचं विमान आज दुपारचं. आई चपला घालून दारात उभी आहे. मी विमानतळावर निघतोय.