तात्यांच्या वहीतला अकरावा सामना

प्रिय नाना,

आज शुक्रवार. इथे आखातात सुट्टी, आणि सकाळचे दहा म्हणजे तुमच्या फोनची वेळ. तुम्ही गेल्याला अकरा महिने झाले, तरी चहाचा कप घेऊन मी अजून फोनपाशीच बसते. आज मात्र पत्र लिहायला घेतलं, कारण काल संध्याकाळी तात्यांची वही वाचून संपवली. मी वाचली, नाना, मोडीतली. आणि तुमची लबाडी उघडी पडली!

आठवतं, ही वही तुम्हाला माळ्यावर सापडली तेव्हा केवढे हरखला होतात? तुमचे आजोबा, म्हणजे आमचे तात्या, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये राइट बॅक होते. धोतराचा काचा मारून, अनवाणी खेळायचे. त्या एका हंगामातल्या सामन्यांची ती वही. घरात कुणालाच वाचता येईना, म्हणून रिटायर झाल्यावर तुम्ही मोडी शिकायला गेलात. आई म्हणायची, "आता या वयात परीक्षेला बसणार का?"

त्याआधीचे आपले फोन आठवले की मला लाज वाटते. जेवलीस का, माझी नात सई काय म्हणते, तिकडे ऊन फार आहे का, बरं ठेवतो. दोन मिनिटांत खलास. तुम्हाला विचारायला काही नसायचं आणि मला सांगायला वेळ नसायचा. मग एका शुक्रवारी तुम्ही पहिला सामना वाचून दाखवलात आणि आपण पाऊण तास बोललो. खरं सांगू? मला फुटबॉलचं काडीचं वेड नव्हतं. पण चिखलात भिजून जड झालेला तो चेंडू, बांबूचे गोलपोस्ट, शिट्टी हरवल्यामुळे "थांबा, थांबा" ओरडत पळणारे गणिताचे प्रोफेसर, हे सगळं तुमच्या तोंडून ऐकताना मी मनाम्याच्या या फ्लॅटमध्ये उरतच नसे.

दर शुक्रवारी एकच सामना. दुसरा मागितला तर म्हणायचात, "अगं, मोडी आहे ती, शब्द सुटे नसतात. वेळ लागतो." दहा सामने झाले. राहिला अकरावा, फायनलचा.

त्या शेवटच्या शुक्रवारी मी सईला घेऊन सूकमध्ये, इथल्या बाजारात, खरेदीला गेले होते. एका हातात पिशव्या, दुसऱ्या हातात फोन. म्हणाले, "नाना, फायनल कोण जिंकलं ते एका वाक्यात सांगून टाका ना. मला घाई आहे." तुम्ही हसलात. "एका वाक्यात सामना होतो का गं? असू दे. रजा कधी मिळतेय?"

रजा! तीन वेळा पुढे ढकलली होती मी. मीना सलमान बंदरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये माणसं कमी, आणि साहेबांचं उत्तर ठरलेलं, "नेक्स्ट मंथ, इंशाल्ला." बुधवारी तुम्ही गेलात. मग मात्र रजा एका तासात मिळाली.

परतताना वही बरोबर आणली. फायनल कोण जिंकलं हे कुणाकडून तरी वाचून घेता आलं असतं. पण मला ते दुसऱ्याच्या तोंडून नको होतं. ऑनलाइन मोडीचा क्लास लावला. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवायची. तुम्ही म्हणायचात, "मोडीत आधी रेघ, मग अक्षर. तुझ्यासारखं नाही, आधी बोलायचं आणि मग विचार करायचा." ऐकत होते हो मी, नाना.

शाईतला पहिला सामना वाचला, तुम्ही सांगितला तस्साच. दुसराही. तिसऱ्याखाली तात्यांनी लिहिलंय, "हरलो. समोरच्यांस बूट होते. माझा अंगठा फुटला. हंगाम संपला."

संपला? मग चौथा सामना? पान उलटलं तर पुढे पेन्सिल. आधी वाटलं, तात्यांची शाई संपली असेल. मग अक्षराकडे नीट पाहिलं. नवशिक्याचं, थरथरतं, रेघेखाली घसरणारं अक्षर. तुमचं.

सहाव्या सामन्यात प्रिन्सिपॉलांनी टीममधल्या बापटला रजा नाकारली, तरी तो आला आणि त्यानं दोन गोल मारले. मी फोनवर टाळ्या वाजवल्या होत्या. आता लक्षात येतंय, त्याच्या आदल्या शुक्रवारी मी रजेवरून रडले होते. आठव्यात गोलकीपरचा हात मुरगळला. वर्कशॉपच्या जिन्यावरून मी घसरले होते तेव्हाची गोष्ट ती. नवव्यात एक पोरगा नवीन कॉलेजात येतो आणि त्याच्याशी कुणीच बोलत नाही. सईची शाळा बदलली होती ना!

आणि मला वाटायचं, नानांना हल्ली कमी ऐकू येतं.

सईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सो आजोबा मेड इट अप? ऑल ऑफ इट?"

"पहिले तीन खरे आहेत."

"बट बापट इज माय फेवरिट," ती म्हणाली आणि वही मांडीवर घेऊन बसली. तिला एक अक्षर वाचता येत नाही, तरी अर्धा तास पानं उलटत होती.

मला का नाही सांगितलंत? तुम्ही नुसतं म्हणाला असतात, "मंजू, जरा बोल माझ्याशी," तरी मी बोलले असते. बोलले असते का? खरंच माहीत नाही. म्हणूनच तर जास्त लागतं.

अकरावा सामनाही आहे पेन्सिलीत. एक-एक अशी बरोबरी. मध्यंतर. तात्या गवतात बसून लिंबाची फोड चोखताहेत, बापट पायाला चिंधी बांधतोय. त्याखाली एकच ओळ, "पुढचं मंजू रजेवर आल्यावर, समोर बसून." आणि मग कोरी पानं.

नाना, पुढच्या महिन्याची रजा मंजूर झाली आहे. सईला घेऊन येते आहे. तात्यांच्या कॉलेजच्या मैदानावर जाऊन काठाला बसणार, पेन्सिल घेणार, आधी आडवी रेघ ओढणार. मध्यंतर फार लांबलं. दुसरा हाफ मी खेळवीन. आणि कोण जिंकलं ते एका वाक्यात सांगणार नाही.

तुमची,
मंजू