यंदाची कंबर

२ जानेवारी
आजपासून पुरवणीतलं बायकांचं पान माझ्याकडे. संपादक म्हणाले, वाचक वाढवा. मी म्हणालो, आधी दर्जा वाढवतो, वाचक मागून येतील. ते फोनवर बोलत होते, तरी ऐकलं असावं.
संकल्प : बायकांच्या शरीराबद्दल एक ओळही छापायची नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग पान कोरं सोडणार का? तिला पत्रकारिता कळत नाही.

९ जानेवारी
पहिला लेख : महिला आणि वारसा कायदा. वेबसाइटवर चौदा जणांनी वाचला. त्यात दोनदा मी.

१६ जानेवारी
संपादकांनी स्वतः मथळा दिला : ‘सपाट पोट गेलं, भरल्या मांड्या आल्या!’ मी कडाडून विरोध केला. उद्गारचिन्ह काढायला लावलं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१७ जानेवारी
चाळीस हजार वाचक. फार वाईट वाटलं. सगळ्यांना चहा पाजला.

१३ फेब्रुवारी
‘बारीक कंबर परतली.’ मांड्यांना महिनाही धड मिळाला नाही. शेजारच्या टेबलावरच्या उपसंपादक बाईंनी विचारलं, सर, माझ्याकडे जुन्याच आहेत, बदलून कुठे मिळतात? मी खूप हसलो. त्या हसत नव्हत्या. स्वभाव एकेकाचा.

२७ फेब्रुवारी
मुलगी नीट जेवत नाही, अशी बायकोची तक्रार. तुमचं पान कापून कपाटात चिकटवलंय तिने, म्हणाली. ऊर भरून आला. सोळाव्या वर्षी मी वडिलांचं काही वाचत नव्हतो. न जेवणं परीक्षेमुळे असणार.

१२ मार्च
मुलीला पीटीच्या तासाला चक्कर आली. शाळेतून फोन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन सात किलो उतरलंय. घरात कोणी हिच्या शरीराबद्दल काही बोलतं का? मी ठामपणे नाही म्हणालो. बायको भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचत बसली.
संकल्प : ‘शरीर ही फॅशन नव्हे.’ जळजळीत लेख. आजच.

२० मार्च
छापून आला. एका शब्दालाही कात्री नाही! फक्त मथळा संपादकांचा : ‘यंदा चलती “आहे तशा” शरीराची’. सोबत चौकट : आहे तसं दिसण्यासाठी पाच उपाय. पण मजकूर माझाच.

२२ मार्च
मुलगी आपणहून जवळ येऊन बसली. कोपरं किती टोकदार झालीत. लेख आवडला, म्हणाली. मी म्हटलं, मग आता पोटभर जेवशील ना? तिने जरा विचार केला. मग विचारलं, बाबा, हे ‘आहे तसं’ किती दिवस चालेल? पुढचं काय ते आधी सांगाल का? मला तयारीला दोन महिने लागतात.
अजून ठरलं नाही, असं सांगितलं.
ठरलंय. खांदे. लेख रविवारी येतोय. मीच लिहिलाय.