धोतराची नीळ आणि इंद्रायणीची कावीळ

जुन्नर,
१२ डिसेंबर २००६

तीर्थस्वरूप सावळेराममामांना भाचा गोरखचा साष्टांग नमस्कार. (समोर येऊन पाया पडलो असतो, पण आलास तर पाय मोडीन असा तुमचा निरोप पोचला, म्हणून पोस्टाने पडतो आहे.) मामींची कंबर कशी आहे? धरणावरचा गार वारा सध्या सोसत नसेल. डिंभ्याची एसटी वेळेवर येते का, हे विचारत नाही. तुमचा राग आणखी कशाला वाढवा.

मामा, इंद्रायणीचं मंचरचं स्थळ माझ्या फोटोमुळे मोडलं, हे मला कबूल आहे. पण त्यात माझा दोष किती, कॅमेऱ्याचा किती आणि तुमच्या धोतराचा किती, हे सगळं ऐकून ठरवा. (धोतर वाचून पत्र फाडू नका, पुढे खुलासा आहे.)

जुना रोलचा कॅमेरा गरीब होता, दिलं ते खायचा. हा डिजिटल भलताच चिकित्सक. त्याला आधी पांढरं म्हणजे काय ते शिकवावं लागतं. आपल्याला कागद उन्हात, सावलीत, बल्बखाली पांढराच दिसतो. याला बल्बखाली पिवळा दिसतो आणि सावलीत निळा. त्या दिवशी तुमच्या ओट्यावर भात झाकायचं निळं प्लास्टिक ताणलेलं, त्यामुळे पहिल्या फोटोत इंद्रायणी थंडीने काकडल्यासारखी निळी आली. यावर पुस्तकातला उपाय असा, की एखादी पांढरी वस्तू धरायची, तिचा फोटो काढायचा आणि कॅमेऱ्याला सांगायचं, बाबा रे, हे पांढरं. त्यावरून तो बाकीचे रंग जुळवून घेतो. मी कोरा कागद मागितला, तर घरात एक सापडेना. (लेक इंजिनिअरिंगला आणि घरात कागद नाही! तिच्या वह्या होस्टेलवर होत्या, ते सोडा.) तेव्हा मामींनी दोरीवरचं तुमचं धोतर आणून धरलं. म्हणाल्या, "याच्यापरीस पांढरं या घरात काय न्हाई."

मामींचा हात निळीला सढळ, हे मी विसरलो. नीळ दिलेलं धोतर आपल्याला जास्तच पांढरं दिसतं. कॅमेऱ्याला ते निळं दिसलं. पण हेच पांढरं असं मी बजावलेलं, मग ती निळाई मारायला त्याने सगळ्या फोटोत पिवळा ओतला. मागच्या इवल्याशा पडद्यावर उजेडात काही कळेना. जुन्नरला प्रिंट काढून पाहतो तर इंद्रायणीचे डोळेसुद्धा पिवळे, आणि मागची म्हैस तांबूस. गडबडीत तीच प्रिंट पाकिटात गेली.

पुढचं तुम्ही जाणताच. मुलाच्या आईने, प्रयागबाईंनी, मध्यस्थ रखमाजींकरवी कळवलं, "पोरगी नाकीडोळी चांगली हाय, पर आधी कावीळ उतरवा, मग बसू." मामींनी इंद्रायणीला होस्टेलवरून बोलावून पंधरा दिवस तेल-तिखट तोडलं आणि गळ्यात काविळीची माळ घातली. (कावीळ उतरेल तशी ती लांबत जाते म्हणे.) माळ लांबून गुडघ्याला टेकली, तेव्हा गावाने कावीळ उतरल्याचं मान्य केलं, जी झालीच नव्हती. तोवर मंचरकरांनी दुसरीकडे सुपारी फोडली. मग फोटो परत आला, तो तुम्ही पाहिलात आणि कावीळ कुणामुळे झाली ते तुम्हाला कळलं.

या स्थळावर तुमचा किती जीव होता, हे मी पाहिलं आहे. चार लोकांत तुमची मान खाली गेली, याचं मला फार वाईट वाटतं. पण मामा, आई गेल्यापासून मला जायला तुमचंच एक घर आहे. तेवढं बंद करू नका.

तुमचा (फोटो सोडून बाकी सर्व बाबतीत) आज्ञाधारक भाचा,
गोरख

ता. क. वर 'गडबडीत' असं लिहिलं आहे, तो शब्द खोडावा. रंग सुधारून दुसरी प्रिंट मी त्याच दिवशी काढली होती. इंद्रायणी कॉलेजातून फोटो न्यायला आली, तेव्हा दोन्ही तिच्यापुढे ठेवल्या. तिने बराच वेळ पाहिल्या आणि पिवळी पाकिटात घातली. म्हणाली, "ही जाऊ दे. खरी तुझ्याकडं राहू दे." पाकिटाला डिंक मी लावला.

आणखी एक ता. क. तिची शेवटची परीक्षा मे महिन्यात आहे, त्यामुळे आमची घाई नाही. तोवर तिला दुसऱ्या फोटोवाल्याकडे नेऊ नये, एवढीच विनंती.