हेरॉन्स जिंकायला लागले तेव्हा

प्रिय लायल,

फोनवर तू नुसतं "बरं, बरं" म्हणत राहतोस आणि मला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, म्हणून लिहिते आहे. आपल्या हेरॉन्सच्या यंदाच्या बेसबॉल मोसमाची सुरुवात कशी झाली ते तू रेडिओवर ऐकलंच असशील. पहिल्या तीन आठवड्यांत जिंकलेले सामने मोजायला हाताची दोन बोटं पुरली. चेंडू फेकायला आणलेल्या ज्या नव्या पिचरसाठी मालकांनी निम्मा संघ विकला, तो समोरच्या फलंदाजाला पाहुण्यासारखा आग्रह करकरून सोपे चेंडू वाढतो. बिचारे नको नको म्हणत मारतात. हरून बाहेर पडताना जो तो एकच वाक्य म्हणतो, "अजून एप्रिलच आहे, अख्खा मोसम पडलाय." आपल्या गावात प्रार्थनेपेक्षा हेच वाक्य जास्त वेळा म्हटलं जातं. मागच्या रांगेतला म्हातारा स्टॅश ते ऑगस्टमध्येसुद्धा म्हणेल. मला मात्र यंदा काही कळेनासं झालंय. संघच वाईट आहे, की नुसता गारठलाय? गेल्या वर्षी यातलीच उरलेली पोरं वाघ होती. का तेव्हाही मांजरंच होती, आणि आपणच दोघं मिळून त्यांना वाघ म्हणत होतो?

आता तुझ्या खुर्चीबद्दल. घटस्फोटात गाडी तू घेतलीस, कुत्रा मी घेतला, आणि मैदानावरच्या, अख्ख्या मोसमासाठी राखून ठेवलेल्या त्या दोन खुर्च्यांवर दोन्ही वकील दमले. आपल्या दोघांतलं कुणीच सोडेना म्हणून शेवटी एकेक वाटून दिली. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून विचारलं होतं, तुम्हाला नक्की वेगळं व्हायचंय ना? तेव्हापासून सहा उन्हाळे आपण शेजारी बसलो, खेळाशिवाय अवाक्षर न बोलता. आपल्या लग्नात इतका सुखाचा काळ कधी आला नव्हता. यंदा मोसम सुरू झाला आणि तू नाहीस. स्टॅशनं विचारलं, "पोरी, काय केलंस त्याला?" म्हटलं, जे करायचं ते सहा वर्षांपूर्वीच करून झालंय. आपल्या रांगेतली ओपल म्हणाली, "मेला असेल तर सांग, फुलं पाठवते. जिवंत असेल तर कानाला धरून आण." मग रांगेनं निकालच दिला, की रिकाम्या खुर्चीमुळे आपण हरतोय. तुला माहीत आहे, संघ जिंकत असला की ओपल तो हिरवा स्वेटर धूत नाही. यंदा तो धुऊन धुऊन पार विटला. मीही काही शहाणी नाही. तुझ्या खुर्चीवर मी पर्स ठेवून पाहिली, कोट ठेवून पाहिला, एकदा मोहरीची चटणी लावलेला अख्खा हॉटडॉग ठेवला. दहा धावांनी हरलो, आणि हॉटडॉग सरोवरावरच्या पक्ष्यांनी नेला.

गेल्या रविवारी त्या खुर्चीवर एक बाई येऊन बसली. पिवळा रेनकोट, थर्मासमध्ये टोमॅटोचं सूप. कुणाची कोण, काही सांगितलं नाही. सातव्या डावात सगळे रिवाजाप्रमाणे हातपाय ताणायला उभे राहिले तर हिनं विचारलं, "काय झालं? घरी निघालात?" स्टॅश इतका हसला की त्याचे दात हलले. मग तिनं आणखी विचारलं, तो तिसऱ्या बेसवरचा मुलगा पळत का नाही? हे खरं तर आपल्या प्रशिक्षकाला कुणीतरी विचारायला हवं होतं. आपण जिंकलो, सात धावांनी. ओपलनं त्या बाईला मिठीच मारली. स्टॅशनं हुकूम सोडला, "बाई, मंगळवारी इथंच. हाच रेनकोट. ऊन पडलं तरी हाच." मंगळवारी ती आली, आपण जिंकलो. गुरुवारी आली, पुन्हा जिंकलो. तिन्ही दिवस मी घसा फुटेस्तोवर ओरडले. आणि घरी जाताना मला कळेना, की मी खूश आहे की नाही.

गुरुवारी पायऱ्या उतरताना तिनं माझा दंड धरला. म्हणाली, "मी कॉरीन. खेळ बघायला नव्हते आले मी, तुला बघायला आले होते. लायल म्हणतो, ग्वेन म्हणजे नुसती शेजारची खुर्ची. म्हटलं, बघू तरी खुर्ची आहे केवढी." जूनमध्ये तुमचं लग्न आहे, तेही तिनंच सांगितलं. तू माझ्याशेजारी बसणं तिच्या दृष्टीनं बरं दिसणार नाही असं तू स्वतःच ठरवलंस, आणि महिनाअखेर खुर्ची क्लबला परत करणार आहेस. "मी असलं काही मागितलंच नव्हतं," ती म्हणाली. "त्याला यायचंय गं. पण तू बोलावशील असं त्याला वाटत नाही. आणि खरं सांगू? मला या खेळाचा भयंकर कंटाळा येतो." लायल, ही बाई चांगली आहे. याचा मला किती राग आला म्हणून सांगू.

हे पत्र रांगेतल्या कुणालाही ठाऊक नाही. कळलं तर मला उचलून सरोवरात टाकतील. संघ जिंकत असताना कुणी जागा बदलत नाही, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही समजतं. नवरा म्हणून तू मला परत नकोस. हे आत्ता लिहिलं आणि पुन्हा वाचलं. बहुतेक खरं आहे. यापलीकडे मला काय हवंय ते माझं मलाच उमगत नाही. एवढंच सांगू शकते, की गुरुवारी शेवटच्या डावात तो पोरगा तिसऱ्या बेसवरून अखेर पळाला. सगळं मैदान उभं राहिलं, आणि मी तुझं तोंड बघायला उजवीकडे वळले. तर तिथं पिवळा रेनकोट. तेवढ्यात माझी ती धाव बघायची राहून गेली. म्हणून लिहिलं. खुर्ची परत करू नकोस. कॉरीनला तिच्या सूपासकट घरी बसू दे आणि मंगळवारी तू ये. तू आलास की आपण पुन्हा हरायला लागू, याबद्दल रांगेतल्या कुणाच्याही मनात शंका नसेल. माझ्याही नाही. हरू दे.

तुझीच शेजारीण,
ग्वेन